बोटीवरचा जनरेटर उठत नसेल तेव्हा

“भाऊ, सेल्फ फिरस, पन मशीन उठत नही.” नर्मदेच्या जलाशयातल्या एका बार्जवरच्या मदतनिसाने रेंजसाठी टेकडी चढून मला केलेल्या फोनवरचे हे पहिलेच वाक्य होते आणि त्या एका वाक्यात अर्धे निदान होऊन गेले होते. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, फिरतो म्हणजे बॅटरीत जीव आहे, मुख्य स्विच चालू आहे, सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारे चुंबकी स्विच) ओढतो आहे आणि इंजिन आतून जाम झालेले नाही. मग दोष शोधायचा तो डिझेल, हवा आणि इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा यांच्यातच. बटण दाबल्यावर नुसता ‘कट’ आवाज येतो असे तो म्हणाला असता, तर डिझेलच्या फिल्टरला हात लावण्याचे कारणच उरले नसते. म्हणून हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी एवढे ठरवावे, की आपल्यासमोरचे दुखणे कोणते आहे: इंजिन फिरतच नाही, फिरते पण पेट घेत नाही, की पेट घेऊन लगेच बंद पडते. हे ठरवायला बटण एकदा दाबणे पुरते. ते पुन्हा पुन्हा दाबत राहणे ही बोटीवर होणारी सर्वांत महागडी चूक आहे आणि तिच्यासाठी पुढे मी जास्तीची जागा घेणार आहे.

खानदेशात समुद्र नाही, तरी बोटीवरच्या जनरेटरवर ज्यांचे काम अडते अशी माणसे थोडी नाहीत. भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या पाण्यात, तापीवरच्या प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजच्या फुगवट्यात, नवापूरकडे पसरलेल्या उकाईच्या पाण्यात बोटी चालतात. आणि अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांच्या उत्तर टोकाला, सरदार सरोवराच्या काठावर, मणिबेलीसारख्या गावांना रस्त्यापेक्षा पाण्याची वाट जवळची आहे. तिथे आरोग्यपथक बोटीने जाते. लसींना २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच ठेवावे लागते, त्यामुळे बोटीवरचा फ्रिज बंद राहिला तर बर्फाच्या पेटीच्या भरवशावर किती तास निघतील याचा हिशेब लगेच सुरू होतो. शिवाय सुटा भाग आणायचा तर शहादा किंवा धुळे गाठावे लागते आणि त्यात दिवस जातो. जवळ असलेल्या हत्यारांनी, जागेवर आणि नवे नुकसान न करता दोष शोधता येणे म्हणूनच इथे फार महत्त्वाचे आहे.

हात लावण्यापूर्वी

जनरेटरच्या खोलीचे झाकण उघडून आधी वास घ्यावा. डिझेलचा वास थोडाफार असतोच. पेट्रोलचा वास आला तर कोणतेही बटण दाबू नये, दिवासुद्धा लावू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती बोटीच्या तळाशी साचून राहते. सर्व झाकणे उघडून, पंखा असल्यास तो बाहेरच्या स्विचने निदान चार मिनिटे चालवून आणि गळती सापडल्यानंतरच पुढे जावे. त्यानंतर जनरेटरकडून बोटीला वीज देणारा मुख्य ब्रेकर पाडून ठेवावा, म्हणजे इंजिन उठताना त्याच्यावर फ्रिजचा किंवा पंपाचा भार येणार नाही आणि आपण तारा चाचपत असताना कोणी अनवधानाने वीज सोडणार नाही. पट्ट्याजवळ किंवा पुलीजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी. ऑईलची पातळी आणि कूलंट याच वेळी पाहावे, कारण ते पाहायला एक मिनिटही लागत नाही आणि पुढचे दोन तास वाचू शकतात.

बोट कोणत्या प्रकारच्या सेटवर चालते हेही आताच पाहून घ्यावे. आपल्याकडे अनेक बोटींवर शेतावरच्या पंपासारखेच हवेने थंड होणारे डिझेल इंजिन डेकवर बसवलेले असते. त्याचा सायलेन्सर कोरडा असतो आणि हँडल मारूनही ते उठवता येते. बंदिस्त खोलीत बसवलेले जलयानासाठीचे सेट मात्र बाहेरचे पाणी ओढून घेतात, त्या पाण्याने इंजिनची उष्णता काढतात आणि तेच पाणी धुरात मिसळून बाहेर फेकतात. या दुसऱ्या प्रकारात एक धोका जास्तीचा असतो. तिथे पाणी आत घेणारा कॉक तळाशी कुठे आहे हे हात लावून ओळखून ठेवावे.

इंजिन फिरतच नाही

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर वीज बॅटरीपासून बटणापर्यंतच पोहोचत नाही असे समजावे. मुख्य स्विच, फ्यूज, तातडीने बंद करण्याचे लाल बटण आत दाबून राहिले आहे का, आणि पॅनेलमागचा जोड सैल झाला आहे का, या क्रमाने पाहावे. ते लाल बटण विसरून अर्धा दिवस वायरिंग शोधलेले लोक मी पाहिले आहेत.

‘कट’ किंवा ‘टक-टक-टक’ असा आवाज येत असेल, तर बॅटरी किंवा तारांचे जोड दोषी असण्याची शक्यता सर्वाधिक असते. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ ठेवलेली असेल तर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते, १२.२ म्हणजे ती साधारण अर्धी उरली आहे आणि १२ च्या खाली तिच्याकडून सेल्फची अपेक्षा धरू नये. पण स्वस्थ असतानाचा आकडा फसवा असू शकतो. खरी परीक्षा भाराखाली होते: एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने मीटर बॅटरीच्या टोकांवर धरावा, आणि आकडा ९.६ व्होल्टच्या खाली कोसळला तर बॅटरी रिकामी किंवा खराब आहे असे मानावे. जळगाव-भुसावळकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरीतले पाणी झपाट्याने उडते आणि उघड्या पडलेल्या पट्ट्या कायमच्या निकामी होतात; त्यामुळे मार्च ते जून या काळात दर पंधरवड्याला झाकणे उघडून डिस्टिल्ड पाणी घालणे हा दुरुस्तीपेक्षा स्वस्त उपाय आहे. रात्री त्याच बॅटरीवर दिवे आणि मोबाइलचे चार्जर चालत असतील, तर जनरेटरसाठी वेगळी बॅटरी ठेवण्याचा आग्रह मी धरतो.

बॅटरी चांगली आहे, तरी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो, तेव्हा दोष तारेत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर (तारेच्या टोकावरच्या लगवर, म्हणजे पकडीवर नव्हे, खांबाच्या शिशावर) आणि दुसरे सेल्फवरच्या जाड बोल्टवर ठेवून बटण दाबावे. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर तेवढी वीज वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडात खर्च होते आहे. असेच ऋण खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये पाहावे. बोटीवर दोष बहुधा याच, अर्थिंगच्या बाजूला सापडतो. जोड सोडून पॉलिश कागदाने चकचकीत करावा, घट्ट आवळावा, वरून ग्रीस लावावे. खांबांवरची पांढरी-हिरवट पूड खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने निघते, फक्त ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये.

सोलेनॉइडचा ठोका खणखणीत पडतो, व्होल्टही टिकतात, पण मोटर फिरत नाही, असे असेल तर सेल्फच्या अंगावर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके देत एकदा बटण दाबून पाहावे. झिजलेले ब्रश तेवढ्यापुरते टेकतात आणि इंजिन उठते. ती सोय एका वेळेची आहे, पुढच्या फेरीपूर्वी सेल्फ उतरवावाच लागेल. आणि सेल्फ जोर करूनही इंजिन अजिबात हलत नसेल, किंवा अर्धा फेरा होऊन ‘धप्’ करून अडत असेल, तर तिथेच थांबावे. पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने फिरते का ते पाहावे आणि फिरत नसेल तर ‘पाण्याचा कॉक’ हा भाग आधी वाचावा.

फिरते, पण पेट घेत नाही

डिझेल इंजिनला तीन गोष्टी हव्या असतात: योग्य दाबाने येणारे डिझेल, मोकळी हवा आणि पुरेशा वेगाने फिरून निर्माण होणारी उष्णता. ठिणगीचा प्रश्न नसल्यामुळे दहापैकी आठ वेळा शोध डिझेलपाशी येऊन थांबतो, हा माझा अनुभव.

सुरुवात डिझेल रोखणाऱ्या सोलेनॉइडपासून करावी. किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर इंजेक्शन पंपाजवळ (सिलिंडरकडे दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपाजवळ) बारीक ‘टिक’ ऐकू यायला हवी. हात ठेवला तर ती बोटांना जाणवते. ती नसेल तर फ्यूज, रिले आणि त्या सोलेनॉइडची तार पाहावी. इंजिन तारेने ओढून बंद करण्याची सोय असेल तर ती तार पूर्ण परत गेली आहे का तेही पाहावे, कारण गंजून अर्धवट अडकलेली तार डिझेल बंदच ठेवते.

मग टाकी. काट्यावर विश्वास न ठेवता स्वच्छ काठी बुडवून डिझेल मोजावे. एकाच टाकीतून बोटीचे मुख्य इंजिन आणि जनरेटर दोन्ही चालत असतील, तर जनरेटरची नळी मुद्दाम वरच्या पातळीवर ठेवलेली असते, म्हणजे दिवे लावून लावून घरी परतण्याचे डिझेल संपून जाऊ नये. त्यामुळे मुख्य इंजिन छान चालत असतानाही जनरेटरला डिझेल मिळत नसेल. टाकीचे झाकण उघडताना कान द्यावेत. झाकण सैल होताच आत हवा ओढली गेल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला, तर टाकीची श्वास घेण्याची नळी बंद आहे. वर सांगितलेल्या बार्जवर हेच घडले होते: कुंभारीण माशीने त्या नळीच्या तोंडात करंगळीएवढे मातीचे घर बांधले होते, बाहेरून लिंपून गुळगुळीत केलेले, आणि आत पांढरी अळी. जनरेटर आदल्या संध्याकाळी अर्धा तास चालला, टाकीत निर्वात होत गेला, डिझेल येईना, आणि एका सैल जोडातून हवा नळीत शिरली. उपाय एका तारेच्या तुकड्याचा होता. तेव्हापासून मी प्रत्येक श्वासनळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधतो.

त्यानंतर पाणी वेगळे करणारा फिल्टर. खालच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीचा नळ सोडून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि दोन मिनिटे न हलवता ठेवावे. तळाशी पाणी वेगळे दिसेल; मध्ये काळसर, बुळबुळीत साय दिसली तर पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारे जीवाणू-बुरशी टाकीत झाले आहेत आणि नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावी लागेल. नदीकाठच्या गावांत डिझेल कॅनमधून येते. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये रात्रीच्या गारव्याने पाणी जमते. कॅन काही तास स्थिर ठेवून मगच ओतावा आणि तळातले दोन बोटे डिझेल ओतूच नये. तोंडाला बांधलेले धोतराचे फडके कचरा अडवते, पाणी अडवत नाही.

फिल्टर बदलला, टाकी कोरडी पडली किंवा कुठूनही हवा शिरली, की हवा काढावी लागते. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करावा, खाली फडके धरावे आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची हाताची कळ दाबत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार येताच पंप दाबत असतानाच स्क्रू आवळावा. कळ सैल वाटत असेल आणि तिला जोरच नसेल, तर पंप कॅमच्या उंचवट्यावर थांबलेला असतो. पुली अर्धा-एक फेरा फिरवली की कळेत जोर येतो. नंतर हीच कृती इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूवर करावी. एवढ्याने इंजिन उठले नाही तर जुन्या पद्धतीच्या इंजिनांत नोझलकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडे) जाणाऱ्या नळ्यांचे नट एक आटा सैल करून थोडा सेल्फ मारावा, प्रत्येक नटापाशी डिझेल फुसफुसू लागले की नट आवळावेत. या वेळी हात किंवा चेहरा जवळ नेऊ नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तशीच रुग्णालयात न्यावी. कॉमन रेल पद्धतीच्या, म्हणजे सर्व नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांत या नळ्या अजिबात सैल करू नयेत.

हवेच्या बाजूला फिल्टर काढून पाहणे एवढेच काम असते. त्यात उंदराचे घरटे किंवा भिजून लगदा झालेला कागद सापडतो. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिन थंड असते आणि तेव्हा ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) महत्त्वाचे ठरतात: १० ते २० सेकंद तापवून सेल्फ मारावा. प्लगची तार सोडून त्याच्या टोकापासून ब्लॉकपर्यंतचा रोध मोजल्यास तो एक-दोन ओहमच्या आत यायला हवा. मीटर अनंत दाखवत असेल तर प्लग जळाला आहे. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची शेतावरची युक्ती मात्र बोटीवर कधीही करू नये. ज्वलनशील फवारा मारणे तर ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्फोटाला आमंत्रण आहे. त्याने पिस्टन फुटतो आणि मारणाऱ्याचा हात भाजतो.

पाण्याचा कॉक

पाण्याने थंड होणाऱ्या सेटमध्ये इंजिन फिरू लागले की त्याच्याबरोबर पाण्याचा पंपही फिरतो. पंप ते पाणी धुराच्या नळीत सोडतो, ते खालच्या सायलेन्सरच्या डब्यात जमते आणि इंजिन चालू असेल तर धुराच्या दाबाने बाहेर फेकले जाते. इंजिन नुसते सेल्फवर फिरत असेल तर धूर नाही, दाब नाही, आणि पंप मात्र पाणी ओततच राहतो. डबा भरतो, पाणी नळीतून उलटे चढते, एक्झॉस्टच्या उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पुढच्या सेल्फला पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ दोष मातीच्या एका गोळीचा असतो आणि खर्च पूर्ण इंजिनचा होतो.

त्या सकाळी फोनवर मी मदतनिसाला हवा कशी काढायची ते नीट समजावले. झाकण उघडून डिझेल पाहा म्हणालो, स्क्रू कोणता ते सांगितले, आणि पाण्याचा कॉक बंद कर एवढे सांगायचे राहून गेले. ती चूक माझी होती. त्याने सांगितल्याबरहुकूम काम केले, मध्ये मध्ये सेल्फ मारत राहिला, आणि मी दुपारी पोहोचलो तेव्हा इंजिन ‘धप्’ करून अडत होते. डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) ओढली तर टोकाला ऑईल नव्हते, दूध जास्त झालेल्या चहासारखा करडा-पांढरा द्रव होता. आम्ही कॉक बंद केला, सायलेन्सरच्या तळाचा प्लग सोडून बादलीभर पाणी काढले, ग्लो प्लग काढले आणि पुलीच्या नटावर पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवले. प्लगच्या भोकांतून पावसाळ्यातले गढूळ पाणी उसळून बाहेर आले. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल, पुन्हा हाताने फेरे, मग प्लग न लावताच क्षणभर सेल्फ, आणि खालचे ऑईल फिल्टरसह बदलणे. नवे ऑईल दहा मिनिटे चालवून काढले तेव्हा तेही पांढरे होते. तिसऱ्या वेळी ते स्वच्छ राहिले. रॉड वाचला होता, कारण ‘धप्’ आवाज ऐकताच त्या मुलाने बटण सोडून दिले होते आणि पुन्हा दाबले नव्हते.

पाणी आत गेलेच, तर हे सगळे त्याच दिवशी करावे. नदीचे पाणी समुद्राइतके खाणारे नसले तरी सिलिंडरच्या भिंतीवर गंज रात्रभरात धरतो. इंजिन उठल्यावर तासभर भारावर चालवावे, म्हणजे उरलेली ओल उष्णतेने निघून जाते.

यावरून माझा नियम असा आहे. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये निदान अर्धा मिनिट विसावा द्यावा, आणि दोन प्रयत्नांत इंजिन उठले नाही तर तिसऱ्यापूर्वी कॉक बंद करावा. कॉक बंद करताच जनरेटरची किल्ली काढून कॉकच्या दांड्याला अडकवावी किंवा लाल चिंधी बटणावर बांधावी, कारण इंजिनने पेट घेताच कॉक लगेच उघडावा लागतो. पंपातले रबरी पाते कोरडे फिरले तर एखाद्या मिनिटातच वितळून फाटते. हे काम शक्य तोवर दोघांनी करावे, एक बटणापाशी आणि एक कॉकपाशी.

डेकवरच्या कोरड्या सायलेन्सरच्या सेटला हा धोका नाही, पण उभ्या नळीतून पावसाचे पाणी तिथेही सिलिंडरपर्यंत जाते. शेतावर आपण सायलेन्सरवर डबा पालथा घालतो, तोच बोटीवरही घालावा आणि उठवण्यापूर्वी आठवणीने काढावा.

पेट घेते आणि बंद पडते

बटण दाबून धरले तोवर इंजिन चालते आणि सोडले की बंद पडते, हे लक्षण फार बोलके आहे. बहुतेक सेटमध्ये ऑईलचा दाब, इंजिनची उष्णता आणि धुराच्या नळीची उष्णता यांवर लक्ष ठेवणारी स्विचे असतात. बटण दाबलेले असताना त्यांतले ऑईलदाबाचे स्विच बाजूला ठेवलेले असते आणि बटण सोडताच त्याची सत्ता सुरू होते. अशा वेळी आधी ऑईलची पातळी, मग स्विचची तार, मग स्विच. स्विचला वळसा घालून इंजिन चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तपासणीसाठी काही सेकंद ते चालेल, पण तारेचा तो तुकडा तिथे ठेवून निघून जाणे म्हणजे राखणदाराला झोपवून दार उघडे टाकणे होय. स्विच खोटे बोलते की इंजिनला खरोखर दाब नाही, हे काट्याचा गेज लावून पाहिल्याशिवाय सेट चालवू नये.

काही मिनिटांनी बंद पडत असेल तर पाण्याच्या वाटेकडे वळावे. कॉक बंद करून गाळणीचे झाकण उघडावे. तापीच्या संथ पाण्यात जलपर्णीची मुळे केसांच्या गुंतवळ्यासारखी गाळणीत अडकतात. पुराच्या दिवसांत तिथे चिकट गाळ भरतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बोट उथळ जागी टेकून तळातला चिखल ओढते. गाळणी स्वच्छ असूनही बाहेर पाणी पडत नसेल तर पंपाचे झाकण खोलून रबरी पाते पाहावे. पाकळ्या मोजाव्यात. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा पुढे उष्णता-विनिमयकाच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनची उष्णता काढणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो आणि तो शोधून काढल्याशिवाय नवे पाते बसवण्यात अर्थ नाही. गाळाच्या पाण्यात ही पाती लवकर झिजतात, म्हणून पावसाळा संपताच मी ती बदलूनच टाकतो. बोटीच्या पेटीत एक पाते, त्याचे गॅस्केट, एक पट्टा, दोन्ही डिझेल फिल्टर, तांब्याचे वायसर, फ्यूज, एक ग्लो प्लग आणि दोन वेळा बदलता येईल एवढे ऑईल कायम असावे.

लहान पेट्रोल सेट

मासेमारीच्या बोटींवर दोरी ओढून उठवण्याचे लहान पेट्रोल सेट असतात. त्यांचे बरेचसे रुसवे जुन्या पेट्रोलचे असतात: आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली ओल शोषते, आणि दोन महिने पडून राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात चिकट थर धरते. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून जुने पेट्रोल भांड्यात काढावे, ताजे भरावे, प्लग पुसून फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. या सेटमध्ये कमी ऑईल ओळखणारा तरंगक असतो आणि बोट एका अंगाला कलली असेल तर ऑईल पुरेसे असूनही तो ठिणगी तोडतो. सेट सपाट ठेवून पुन्हा ओढून पाहावे. तो छताखाली किंवा केबिनमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे बोट लागण्यासारखीच वाटतात आणि त्यातच जीव जातो. पेट्रोल भरायचे तर सेट बंद करून, थंड होऊ देऊन, आणि शक्य असेल तर काठावर उतरवून भरावे.

इंजिन उठल्यावर

इंजिन उठताच कॉक उघडा आहे याची खात्री करून बोटीच्या बाहेर वाकून पाहावे. धुराबरोबर ठसक्याठसक्याने पाणी पडायला हवे. अर्ध्या मिनिटात ते दिसले नाही तर सेट बंद करावा. पाणी पडत असेल तर ऑईलचा दाब पाहावा, सोडलेल्या प्रत्येक जोडाभोवती कोरडे बोट फिरवून गळती तपासावी आणि पाच मिनिटे भाराशिवाय चालू द्यावे. व्होल्टमीटर २३० च्या आसपास स्थिर झाला की ब्रेकर वर करावा, आधी फ्रिज, मग बाकीचे.